आठ लाख डॉलर आणि आत्याची सही

प्रस्थान ठेवण्यापूर्वी मुहूर्त पाहावा हा आपल्याकडील जुना प्रघात. परंतु मुहूर्त पाहण्याचेच काम वर्षानुवर्षे चालावे, त्यासाठी मुंबईच्या एका सल्लागाराला डॉलरच्या हिशोबाने मेहनताना द्यावा, आणि एवढे करून निघण्याचा दिवस दर भेटीगणिक पुढे सरकावा, हा प्रकार आमच्या रत्नागिरीला नवा आहे. इथला माणूस पूर्वी बाहेर पडे तो एका वळकटीनिशी आणि आगबोटीच्या भोंग्यावर. परळच्या एखाद्या खोलीत आठजण आधीच झोपत असले तरी नवव्याला जागा होई, आणि पहिली मनिऑर्डर घरी पोचली की त्याचे स्थलांतर कायम झाले असे समजले जाई. त्या चाकरमान्याने वेळापत्रक म्हणून काही आखलेच असेल तर ते एवढेच, की शिमग्याला आणि गणपतीला घरी यायचे. आता मात्र आमचे एक स्नेही, ज्यांची पावसच्या वाटेवर कातळ फोडून उठविलेली हापूसची बाग आहे आणि ज्यांना लग्नकार्यासाठी पुण्यास जायचे झाले तरी परतीचे तिकीट हाती असल्याखेरीज चैन पडत नाही, ते भांडवल गुंतवून सहकुटुंब अमेरिकेस स्थायिक होण्याच्या उद्योगाला लागले आहेत. त्यांच्या माडीवर, जिथे पूर्वी कालनिर्णय टांगलेले असे, तिथे हल्ली चार हात लांबीचा एक कागद डकविलेला असून त्यावर या कुटुंबाचा पुढील आयुष्यक्रम शाईने लिहून पेन्सिलीने दुरुस्त केलेला आढळतो.

हा मार्ग १९९० सालच्या अमेरिकन कायद्याने काढला. तज्ज्ञ मंडळी त्याला ‘ईबी-फाइव्ह’ म्हणतात. परदेशी माणसाने तिकडच्या उद्योगात ठराविक रक्कम घालावी, तिच्यातून निदान दहा कामगारांना पूर्ण वेळ काम मिळावे, आणि त्या उपकाराची फेड म्हणून त्या गृहस्थाला, त्याच्या पत्नीला व एकवीस वर्षांखालील अविवाहित मुलांना तेथे कायमचे राहू द्यावे, असा हा करार आहे. रक्कम प्रथम दहा लाख डॉलर होती, आणि ग्रामीण किंवा बेकारीग्रस्त मुलखात पाच लाख. नोव्हेंबर २०१९ मध्ये पाचाचे नऊ झाले, २०२१ मध्ये एका न्यायालयाने ती वाढ रद्दबातल ठरविली, आणि १५ मार्च २०२२ च्या सुधारित कायद्याने नवाच्या ठिकाणी आठ व दहाच्या ठिकाणी साडेदहा अशी तडजोड केली. आमचे स्नेही सांगतात, की रक्कम पाच लाख असताना त्यांच्यापाशी पैसे नव्हते आणि ती आठ लाख झाल्यावरही ही एक गोष्ट तशीच राहिली. मात्र मधल्या काळात कातळाला कधी नव्हे तो भाव आला, आणि ज्या जमिनीवर गुरेसुद्धा चरायला नाखूश असत तिच्या किमतीत अमेरिका बसू लागली.

नव्या कायद्याने या प्रवर्गातील व्हिसांपैकी वीस टक्के ग्रामीण भागातील गुंतवणुकीसाठी राखून ठेवले असून ते अर्ज आधी हाती घेतले जातात. सल्लागारांनी अर्थातच हीच वाट सुचविली. याचा व्यावहारिक अर्थ असा, की कोकणातले खेडे सोडण्यासाठी अमेरिकेतल्या एका खेड्यात सात कोटींहून अधिक रुपये पुरायचे, आणि तेथील दहा माणसांना आठवड्याला किमान पस्तीस तासांचे काम द्यायचे. आमच्या स्नेह्यांना यातली रक्कम खटकली नाही, दहा माणसे खटकली. कारण बागेत फवारणीला, राखणीला आणि तोडीला त्यांना गावात दोन गडी मिळत नाहीत. रत्नागिरीच्या बहुतेक बागायतदारांप्रमाणे तेही नेपाळहून येणाऱ्या कामगारांवर अवलंबून असतात. हे गुरखे पावसाळा सरला की बायकामुलांसह येतात, बागेतल्या खोपटात संसार मांडतात, आंबा संपला की डोंगराकडे परततात; १९५० च्या भारत-नेपाळ तहाच्या पुण्याईने त्यांना व्हिसा लागत नाही, सल्लागार लागत नाही आणि भिंतीवर कागदही लागत नाही. ‘परदेशी लोकांना काम देण्याचे कार्य मी वीस वर्षे करतोच आहे,’ असे स्नेह्यांनी सल्लागारांना सांगून पाहिले. पण ते परदेशी अमेरिकन नसल्यामुळे हिशोबात धरता येत नाहीत, असे उत्तर आले.

वेळापत्रकाची आखणी अशा प्रसंगी पुढून करीत नाहीत, मागून करतात. शेवटचे टोक म्हणजे कन्येचा एकविसावा वाढदिवस. त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने ती मूल राहत नाही, आणि मूल न राहिलेल्या मुलीला आईबापांच्या पदराला धरून जाता येत नाही. या ठिकाणी अमेरिकन कायद्याने एक सवलत ठेवली आहे आणि ती मला त्या राष्ट्राच्या सर्व शास्त्रीय शोधांहून अद्भुत वाटते: बापाचा अर्ज मंजुरीसाठी सरकारदरबारी जितके दिवस पडून राहील, तितके दिवस मुलीच्या वयातून वजा केले जातात. दिरंगाईने माणसाचे वय वाढते हा आमच्या तालुका कचेरीचा अनुभव. दिरंगाईने वय उतरविणारी कचेरी मी प्रथमच ऐकतो आहे. ही वार्ता आळीत पसरली तेव्हा अनेक प्रौढ भगिनींनी, अमेरिकेस जाण्याचा कोणताही हेतू नसताना, अर्जाचा नमुना कोठे मिळतो याची चौकशी केली.

सल्लागारांनी दुसरीही एक गोष्ट समजावून दिली. अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्यास एक पत्रक काढते आणि कोणत्या देशाच्या कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जदारांची पाळी आली ते त्यात जाहीर करते. एका देशास एकंदरीत सात टक्क्यांहून अधिक वाटा नाही, मग तो देश एकशेचाळीस कोटींचा असो वा चाळीस हजारांचा. ही तारीख दरमहा पुढे जाईल अशी भोळ्या माणसाची समजूत असते. पण राखीव नसलेल्या वाट्यात हिंदुस्थानची तारीख एप्रिल २०२५ च्या पत्रकात जानेवारी २०२२ वरून मागे हटली ती थेट नोव्हेंबर २०१९ वर जाऊन बसली. स्नेह्यांच्या घरच्या उपाध्यायांना यात काही नवल वाटले नाही. शनीसारखा शनी वक्री होतो, तिथे वॉशिंग्टनच्या पत्रकाची काय कथा, असे म्हणून त्यांनी दक्षिणा खिशात घातली.

मग कागदपत्रांचे पर्व सुरू झाले, आणि मला तर वाटते की खरी अमेरिका इथेच लागते. गुंतविलेला प्रत्येक डॉलर सन्मार्गाने मिळविला आहे हे सिद्ध करावे लागते; मागील सात वर्षांची करविवरणे मागतात. आता शेतीचे उत्पन्न आपल्या प्राप्तिकर कायद्याने करमुक्त, त्यामुळे कोकणातला प्रामाणिक बागायतदार आयुष्यभर जितका प्रामाणिक राहतो तितका तो कागदावर कमी दिसतो. पुरावा म्हणून स्नेह्यांनी वाशी बाजारातल्या दलालांच्या पट्ट्या काढल्या. त्यांतल्या अर्ध्या उंदरांनी तपासल्या होत्या. उरलेल्यांवर पेट्यांची संख्या, हमाली, तोलाई आणि दलाली यांच्यानंतर ‘बाकी पुढे’ एवढाच मजकूर होता. ही पुढे गेलेली बाकी कोणत्या कायदेशीर संज्ञेत बसवावी, असा प्रश्न तिकडच्या वकिलाने विचारला. त्याला उत्तर देण्यासाठी जो दलाल हयात असावयास हवा होता, तो नव्हता.

तेव्हा बागेचा एक तुकडा विकून त्या दस्तानेच रक्कम सिद्ध करावी असे ठरले. सातबारा काढला. कोकणातला सातबारा ज्याने वाचला आहे त्याला कुटुंबसंस्था म्हणजे काय हे समाजशास्त्राच्या ग्रंथातून शिकावे लागत नाही. वरच्या भागात पणजोबा होते, त्यांच्यावर कंस होता, त्याखाली त्यांच्या दोन बायकांचा विस्तार सामाईक म्हणून नोंदविलेला होता, आणि इतर हक्कांत एक कूळ, ज्याचे वंशज आता ठाण्यात इमारती बांधतात. मूळ कागद १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्यापूर्वीचा, मोडीत लिहिलेला. तो बाळबोधीत आणायचा, बाळबोधीतून इंग्रजीत न्यायचा, आणि या प्रवासात पणजोबांच्या नावाची चार शुद्धलेखने झाली तर ते चौघे एकच होत असे प्रतिज्ञापत्र करायचे. वारसनोंदीचा फेरफार तलाठ्यापुढे गेला. त्यांना अलीकडे ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण टेबल तेच आहे. फेरफारावर हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, आणि आमच्या बाजूला ही मुदत रिकामी जाऊ देणे हे भाऊबंदांच्या बेपर्वाईचे लक्षण मानले जाते.

सर्वांच्या सह्या झाल्या, राहिली ती पुण्यातल्या आत्याची. वय नव्वदीकडे झुकलेले, स्मरण मात्र सावकाराचे. हक्कसोडपत्र घेऊन भाचा दारात उभा राहिला तेव्हा ती म्हणाली, “अरे, सही करायला माझी ना नाही. पण तू तिकडे जाऊन बसल्यावर मला पेटी कोण पाठवणार?” त्याने शब्द दिला, तिने शब्दाऐवजी कलम मागितले. दरसाल पहिल्या तोडीच्या दोन पेट्या, आत्या हयात असेतोवर, घरपोच, असा मजकूर हक्कसोडपत्रात घातला गेला, आणि तो इंग्रजीत भाषांतरित होऊन अमेरिकन वकिलापुढे जाताच त्याने तातडीचे पत्र धाडले, की विकावयाच्या मिळकतीवर ‘दोन पेट्या’ या स्वरूपाचा बोजा कायम राहत असल्यास खरेदीदाराला त्याची कल्पना दिली आहे काय, आणि पेटीत नेमके काय असते? आमच्या स्नेह्यांनी नमुना म्हणून एक पेटी पाठविण्याची तयारी दाखविली.

ती त्यांनी पाठविली नाही हे बरे झाले, कारण अमेरिकेला जाण्याच्या बाबतीत हापूसचा अनुभव माणसांहून फारसा निराळा नाही. या फळाला तिथे अठरा वर्षे बंदी होती. कोयीतल्या किडीच्या संशयावरून घातलेली ती बंदी २००७ मध्ये उठली, तीही किरणोत्सर्गाचा संस्कार करून घेण्याच्या अटीवर. आणि २०२५ च्या मे महिन्यात वाशीच्या केंद्रावर हा संस्कार होऊन विमानाने गेलेल्या आंब्यांच्या पंधरा खेपा, दाखल्यातील कसल्याशा त्रुटीवरून, तिकडच्या विमानतळांवर अडविल्या गेल्या. परत आणण्याचा खर्च पेलण्याजोगा नसल्याने त्या तिथेच नष्ट करण्यात आल्या, आणि निर्यातदारांनी आपले नुकसान सुमारे पाच लाख डॉलर सांगितले, म्हणजे जुन्या दराने एका कुटुंबाचे ग्रीन कार्ड. त्या दिवसापासून आमच्या स्नेह्यांनी आपल्या प्रत्येक दाखल्याच्या तीन प्रती काढण्यास आरंभ केला आहे.

आता कागदावरील सर्वांत नाजूक नोंद. आठ लाखांचा आकडा १ जानेवारी २०२७ पासून महागाईच्या मानाने वाढावयाचा आहे, आणि सध्याची योजना पुढे बंद पडली तरी ज्यांचे अर्ज ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत दाखल झाले असतील त्यांची दाद घेतली जाईल असे कायदा म्हणतो. अमेरिकन संसदेने ही तारीख ठरविताना दाते पंचांग समोर ठेवले नव्हते हे उघड आहे, कारण त्या दिवशी पितृपंधरवडा चालू आहे. पक्षात शुभकार्य नाही. बरे, त्याआधी उरकावे तर १४ सप्टेंबरला गणेशचतुर्थी, आणि तेव्हापासून अनंतचतुर्दशीपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात सही करण्यासाठी जो हात मोकळा सापडेल तो परप्रांतीयाचा असेल. जुलै-ऑगस्टात पाऊस, भूमी अभिलेखाची मोजणी चिखलात होत नाही. मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत यंदा अधिक ज्येष्ठ, त्यात जावयाला अनारसे देता येतात, जमीन विकता येत नाही. एप्रिल-मे आंबा, त्या दिवसांत बागायतदाराला त्याच्या स्वतःच्या लग्नाचा मुहूर्तही सोयीचा पडणार नाही. मार्चात शिमगा, पालख्या, आणि मार्चअखेर. उरला फेब्रुवारी, पण यंदा मोहोर लांबला, तुडतुडे पडले, फवारण्या वाढल्या. अशा रीतीने संपूर्ण वर्ष तपासून झाल्यावर कामासाठी योग्य असा एकच काळ मिळाला, तो म्हणजे मागच्या वर्षीचा डिसेंबर.

पैसे पाठविण्याचे शास्त्र याहून सूक्ष्म आहे. रिझर्व्ह बँक एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरहून अधिक रक्कम परदेशी पाठवू देत नाही, या नियमाने एकट्या माणसाचे आठ लाख जाण्यास चौथे आर्थिक वर्ष उजाडते, आणि मुलगी तोवर थांबत नाही. परंतु मर्यादा माणशी आहे, पोरांनासुद्धा आहे. शिवाय ३१ मार्चला एकदा आणि १ एप्रिलला पुन्हा एकदा पाठविल्यास नवराबायको दोघांच्या मिळून एका रात्रीत दहा लाखांची सोय होते. मात्र पत्नीच्या नावाने पैसे जाण्यासाठी आधी ते पत्नीला बक्षीसपत्राने द्यावे लागतात, आणि मग ते तिला पतीला परत बक्षीस द्यावे लागतात. सव्वीस वर्षांच्या संसारात एक मंगळसूत्र व दोन पैठण्या यांपलीकडे बक्षीस न पाहिलेल्या वहिनींनी पहिल्या बक्षीसपत्रावर आनंदाने सही केली. दुसऱ्यावर त्या विचार करीत आहेत. यावर दहा लाख रुपयांपुढील रकमेवर बँक वीस टक्के कर मूळस्थानीच गोळा करते. तो कर नव्हे, नुसती अनामत आहे, पुढे परत मिळते, असे सगळे समजावतात; पण करमुक्त शेतकऱ्याने सव्वा कोटीच्या वर रक्कम सरकारजवळ ठेवून परताव्याची वाट पाहावी हा प्रसंग कोणत्याही समजावणीच्या पलीकडचा आहे.

एवढे दिव्य पार पडल्यावर जे ग्रीन कार्ड मिळते ते दोन वर्षांचे आणि सशर्त. ही गोष्ट इतरांना समजावून सांगताना सल्लागारांची दमछाक होते म्हणे. आमच्या स्नेह्यांना ती एका क्षणात उमगली. “म्हणजे भोगवटादार वर्ग दोन,” ते म्हणाले, “आणि मुदत भरायच्या आधीच्या नव्वद दिवसांत अर्ज करून वर्ग एक करून घ्यायचे. नजराणा किती?” सल्लागाराला महसूल कायदा येत नव्हता, त्यामुळे या कामाला एवढा जाणता पक्षकार त्याला पूर्वी कधी लाभला नव्हता हे त्याच्या ध्यानी आले नाही.

सशर्त वास्तव्य ही रत्नागिरीला शिकविण्याची गोष्टच नव्हे. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून पुढल्या वर्षी इथे आणून ठेवले. आपले राज्यरूपी भांडवल इंग्रजांच्या हवाली करून परमुलखात कायम वास्तव्य मिळविणारा हा आमच्या माहितीतला आद्य गुंतवणूकदार. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला, आणि त्यात सहा वर्षे काढून १९१६ च्या डिसेंबरात तो वारला. चोवीस वर्षे घराचा ताबा मिळण्याची वाट पाहणाऱ्याचे उदाहरण डोळ्यांसमोर असलेल्या गावाला वॉशिंग्टनने दिरंगाईची भीती घालू नये. सावरकरांना १९२४ मध्ये जिल्ह्याबाहेर न जाण्याच्या अटीवर इथे ठेवले ते पाच वर्षांसाठी. मुदत वाढत वाढत १९३७ उजाडले. तात्पर्य काढण्याचा माझा स्वभाव नाही, पण मुदत म्हणून सांगितलेला आकडा आणि प्रत्यक्षातली वर्षे यांचे नाते आम्हांला लहानपणापासून ठाऊक आहे.

सगळी बाग विकायची नाही हे मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेले आहे. महाराष्ट्रात शेतजमीन घेण्यासाठी आधी शेतकरी असावे लागते. शेवटचा गुंठा गेला की दाखला गेला, आणि परदेशस्थ होऊन बसल्यावर शेतजमीन वारसाने मिळेल, विकत मिळणार नाही. म्हणून विहिरीकडची बारा कलमे आणि घर राहणार, नेपाळी राखणदार राहणार, आत्याच्या दोन पेट्या तेथूनच जाणार. आणि कलमे राहणार म्हटल्यावर ती मोहोरली की बघायला कुणीतरी हवे, हा विचार जेवणाच्या पानावर निघाला. मार्चच्या प्रारंभी यावे, शिमगा करावा, आंबा काढून जूनच्या पहिल्या पावसाला परतावे, असे स्नेह्यांनी मांडले. “अहो, आणि गौरी? गौरीला घर बंद ठेवायचं का?” असे आतून विचारले गेले, तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबर जोडले गेले. नवरात्राला देवीचा मान आहे, तेवढ्यासाठी पुन्हा जाऊन यायचे म्हणजे विमानाला भुर्दंड, त्यापेक्षा दसरा-दिवाळी उरकूनच निघालेले स्वस्त. बेरीज केली तेव्हा अमेरिकेच्या वाट्याला नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी आणि मधला थोडा पावसाळा आला.

सल्लागारांनी कळविले, की कायम वास्तव्याचा परवाना हा वास्तव्यासाठी असतो. वर्षातला मोठा भाग देशाबाहेर काढणाऱ्याने वास्तव्य सोडून दिले असे तिकडचे अधिकारी मानू शकतात. यावर आमच्या स्नेह्यांनी पुष्कळ विचार केला. मुलगी शिकायला तिथे बाराही महिने राहणार आहे, धाकट्याची शाळा आहे, तोही राहील. रिझर्व्ह बँक कुटुंबातील माणसांच्या मर्यादा एकत्र धरू देते, तर अमेरिकेच्या सरकारने कुटुंबातील माणसांचे दिवस एकत्र धरून चौघांची सरासरी काढण्यास काय प्रत्यवाय असावा, अशा आशयाचे सविनय पत्र त्यांनी सल्लागारांमार्फत वकिलाकडे रवाना केले असून, उत्तर येईपर्यंत भिंतीवरील कागदात ते रकाने कोरे ठेवले आहेत.